अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे

अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा विषय निघाला की आपल्याकडे नोव्हेंबर १९२७ मधील इंद्रभुवन थिएटरातील परिषदेची आठवण निघते. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीच्या पाठीशी होते. ही आठवण रास्तच आहे. परंतु भगिनींनो, याच अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांचे नाव आपल्या हळदीकुंकवाच्या गप्पांतही क्वचितच येते.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरास अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. अध्यक्षस्थान सुलोचनाबाईंनी भूषविले. शिक्षणाचा आग्रह तर त्यांनी धरलाच, पण संततिनियमनाविषयीही त्या बोलल्या. पुरुषांनीसुद्धा हा शब्द चारचौघांत उच्चारताना कचरावे असे ते दिवस!

आणि ठराव तरी कसले? स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क असावा. जातपंचायतीची काडीमोड पुष्कळ ठिकाणी होतीच. या बायकांना कायदा हवा होता. पुरुषाने एक बायको असता दुसरी करू नये. गिरणीतील बायकांना रजा मिळावी व त्यांच्यावर देखरेखीस बाईच असावी. अकोल्या-बडनेऱ्याच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायकांच्या अगदी जिव्हाळ्याचे हे बोलणे. शिवाय मुलींसाठी वसतिगृहे आणि विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा.

घटस्फोट व एकपत्नीत्व यांविषयीचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. लोकसभा-विधानसभांतील राखीव जागांची घटनादुरुस्ती मंजूर झाली ती २०२३ साली. तोवर त्या ठरावाला ८१ वर्षे होऊन गेली होती.