मालवणचे भांडारकर आणि ‘घरातली बाब’

थ्रेड 🧵

१/ समाजमाध्यमांवर लहान मुलांच्या शोषणाची बातमी आली की ‘हे सारे मोबाईलमुळे’ असे म्हटले जाते. साधन नवे आहे, हे खरे. मुलांना गप्प बसवणारी रीत मात्र फार जुनी आहे. तिच्याविरुद्धच्या लढ्यातील एक महत्त्वाचे नाव आमच्या मालवणचे आहे.

२/ रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. पुण्यातील प्राच्यविद्या संस्थेमुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. १८९१ मध्ये हा संस्कृत पंडित अल्पवयीन मुलींच्या बाजूने वादात उतरला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

३/ १८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवय १० वर्षे ठरवले होते. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या सुमारे ११ वर्षांच्या विवाहितेच्या मृत्यूचा खटला चालला. तिच्या मृत्यूस पतीचे कृत्य कारणीभूत होते. पण तिने दहावे वर्ष ओलांडले असल्याने बलात्काराचे कलम लागू होईना. त्याला शिक्षा झाली ती एक वर्ष सक्तमजुरीची.

४/ जानेवारी १८९१ मध्ये ही मर्यादा १२ वर्षे करणारे विधेयक आले आणि देशभर वादळ उठले. लोकमान्य टिळकांचा विरोध बालविवाहाच्या प्रेमापोटी नव्हता. परकीय सरकारने कायद्याने ढवळाढवळ करू नये, सुधारणा समाजाने स्वतः करावी, अशी त्यांची भूमिका होती. परंतु अनेकांचा सूर वेगळाच होता : ही घरातली बाब आहे, तिथे कायद्याचे काय काम?

५/ ‘ऋतुप्राप्ती होताच गर्भाधान न केल्यास धर्म बुडतो’ हा विरोधकांचा मोठा आधार होता. भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचने तपासून स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले आणि तो विधी पुढे ढकलण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे प्रतिपादन केले. टिळकांनी त्यांच्या अर्थांना आव्हान दिले, पण भांडारकर मागे हटले नाहीत.

६/ १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. प्रत्यक्षात त्याचा वापर फार थोडा झाला. तक्रार करणार कोण? मुलगी लहान, सासर आरोपीचे, माहेराला अब्रूची धास्ती. कायदा पुस्तकात राहिला आणि दार बंदच राहिले.

७/ पुढची वाट संथ होती. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींचे किमान विवाहवय १४ केले. २०१२ च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, संरक्षण दिले. आणि अल्पवयीन पत्नीलाही हे वय लागू व्हावे, यासाठी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

८/ आज ते बंद दार मुलाच्या हातातील पडद्यावर आहे. खेळातून वा ॲपवरून ओळख होते, कौतुक होते, मग ‘हे आपल्यातच ठेव’ असे सांगितले जाते. एक छायाचित्र मिळाले की धमकी सुरू होते. मूल घरी बोलत नाही, कारण दोष आपल्यालाच लागेल, फोन काढून घेतला जाईल, ही भीती. शोषण करणाऱ्याचे खरे बळ या भीतीत आहे.

९/ कायदा आता या दाराआडही पोहोचतो. लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हा पोक्सोच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. कलम १९ तर त्याहून पुढे जाते : अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. ‘घरातली बाब’ या सबबीला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

१०/ म्हणून आपल्यापैकी कुणाच्या धाकट्या भावंडाने असे काही सांगितले, तर आधी रागावू नये. संभाषण पुसू नये, धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत आणि ते छायाचित्र, पुरावा म्हणूनसुद्धा, कुणाला पुढे पाठवू नये. थेट पोलीस ठाणे गाठावे किंवा १०९८ वर फोन करावा. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

११/ १८९१ चा धडा एवढाच : कायदा करणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे, मुलाचे बोलणे ऐकून घेणारा माणूस घरात असणे. तो माणूस आपण होऊ शकतो.