स्ट्रिंग्ज : आठ वर्षांनी आलेला ‘दूर’

पाकिस्तानी संगीत म्हटलं की आपल्याकडे नुसरत फतेह अली, मेहदी हसन किंवा गुलाम अली ही नावं निघतात. कराचीच्या पोरांनी गिटारवर उर्दू बसवली, तो इतिहास मात्र मराठीत फारसा कुणी सांगत नाही.

१९८७ मध्ये व्हायटल साइन्सचं ‘दिल दिल पाकिस्तान’ आलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये जनरल झिया विमान अपघातात गेले. त्याच १९८८ साली कराचीतल्या चार कॉलेजकुमारांनी स्ट्रिंग्ज हा बँड काढला. १९९२ च्या दुसऱ्या अल्बममधलं ‘सर किए ये पहाड’ एमटीव्हीमुळे सीमेच्या अलीकडेही पोहोचलं. आणि नाव होतंय तोच बँड थांबला. चौघे शिक्षण आणि पोटापाण्याच्या मागे लागले. मध्यमवर्गीय घरात गाणं हा छंद असतो, धंदा नसतो. हे आपल्यालाही ओळखीचंच आहे.

आठ वर्षांनी, २००० साली ‘दूर’ आला तेव्हा चौघांतले दोघेच उरले होते, बिलाल मकसूद आणि फैसल कपाडिया. दोघेही आता तिशीजवळ. जुन्या गाण्याच्या पुण्याईवर दोन-चार मैफली सहज निघाल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. आवाज उतरवला, वाद्यांची गर्दी कमी केली आणि शब्दांना जागा दिली. माझ्या मते ‘दूर’ टिकला तो यामुळेच.

हे शब्द अन्वर मकसूद यांचे, म्हणजे बिलालच्या वडिलांचे. पाकिस्तान टीव्हीवर ‘आंगन टेढा’ लिहिणारे हेच ते व्यंगकार. शायरा ज़ेहरा निगाह त्यांच्या भगिनी. हे सारं घराणं मूळचं हैदराबाद दख्खनचं, फाळणीनंतर कराचीला गेलेलं. औरंगाबाद, बीड, परभणी ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातलं. म्हणून त्या अल्बमचं नाव आपल्याकडच्या वाचकाला थोडं वेगळं ऐकू येतं. दूर कुणापासून?

पुढची काही वर्षं हे अंतर कमी होतंय असं वाटलं. २००३ मध्ये ‘धानी’ आला. त्यातलं ‘ना जाने क्यूँ’ २००४ साली ‘स्पायडर-मॅन २’ च्या भारतीय आवृत्तीत वाजलं. २००६ च्या ‘ज़िंदा’मध्ये आणि २००७ च्या ‘शूटआउट ॲट लोखंडवाला’मध्ये मुंबईच्या सिनेमाने त्यांची गाणी घेतली. त्याच काळात क्रिकेटचे दौरे सुरू होते, व्हिसा मिळत होते. आज हे सांगितलं तर कॉलेजातल्या पोरांना खोटं वाटेल.

२००८ च्या ‘कोई आनेवाला है’नंतर पुन्हा दहा वर्षं नवा अल्बम नव्हता. मधली चार वर्षं दोघांनी कोक स्टुडिओची निर्मिती सांभाळली. २०१८ मध्ये, बँडच्या तिसाव्या वर्षी, ‘३०’ आला, एकेक गाणं सुटं प्रसिद्ध करत. पण तोवर उरीचा हल्ला झाला होता आणि २०१६ मध्येच मुंबईतल्या निर्मात्यांच्या एका संघटनेने पाकिस्तानी कलाकारांवर बंदीचा ठराव केला होता. त्यामुळे या दुसऱ्या पुनरागमनाला मुंबई उरली नव्हती. गाणी मोबाइलवर आली आणि ज्यांना हवी होती त्यांनी ती ऐकली.

मार्च २०२१ मध्ये दोघांनी बँड संपल्याचं स्वतःच जाहीर केलं.