एका घराचीं चार बिऱ्हाडें

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोंचली आणि १८५४ सालीं ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. त्या काळीं येथील ऐपतदार घर एकाच कुटुंबाचें असे: पुढें ओटी, आंत माजघर, बाजूस पडवी, वर माडी आणि मागें परसांत विहीर.

१९२५ सालीं मुंबईंत विजेची गाडी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत विजेच्या तारा कल्याणच्या पलीकडे गेल्या. मुंबईच्या कचेरींत नोकरी करून ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथें संसार थाटणें सुलभ झालें. माणसें वाढलीं, त्या मानानें घरें वाढलीं नाहींत. मग जुन्याच घरांतून नवीं बिऱ्हाडें निघालीं. पडवीस कूड घालून खोली केली, माडीस बाहेरून जिना लावला, ओटीस निराळें दार पाडलें. विहीर व अंगण सामाईक राहिलें. चूल मात्र वेगळी झाली, आणि चूल वेगळी कीं बिऱ्हाड वेगळें. मालकाच्या संसारास भाड्याचा हातभार लागला. नोकरदारास छप्पर मिळालें.

महायुद्धाच्या काळांत जागेची टंचाई विकोपास गेली. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ रोजीं अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच सामान्यतः प्रमाण भाडें ठरलें. भाडेकरू निर्धास्त झाला, हें योग्यच होतें. परंतु कौलें व लांकूड महागत गेलें आणि भाडें मात्र जागचें हललें नाहीं. दुरुस्ती कोणी करावी, यावर घरोघर तंटे माजले. पुढें १ फेब्रुवारी १९७३ रोजीं परवान्यानें राहत असलेल्यांसही भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हां रिकामी खोली कुलुपांत ठेवणें मालकास अधिक सुरक्षित वाटूं लागलें.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें लेखी व नोंदणीकृत करार आवश्यक केला आणि परवान्याची मुदत संपतांच जागा परत मिळविण्याचा मार्ग सुकर केला. तोंवर अनेक जुन्या घरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या होत्या.

एका घरांत दुसरें बिऱ्हाड बसविण्यास कूड आणि जिना पुरत नाहीं. खोली परत मिळेल हा मालकाचा विश्वास आणि अवेळीं रस्त्यावर यावें लागणार नाहीं हा बिऱ्हाडकरूचा विश्वास, या दोहोंवर तें उभें असतें. त्यांतील एक ढळला, कीं दाराला कुलूप लागतें.