भिंतीवरची अक्षरे : लखनौच्या दोन वास्तू

भिंतीवरील मजकुराकडे राज्यकर्त्यांनी नेहमीच संशयाने पाहिले आहे. मार्च १८५७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीवर इराणच्या शहाच्या नावाचा जाहीरनामा झळकला; पुढे बहादूरशहावरील खटल्यात त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी जूनअखेर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेल्या तिच्या भिंती इंग्रजांनी पूर्ववत केल्या नाहीत. आपल्या चिवट प्रतिकाराचे स्मारक म्हणून राखल्या. स्वतंत्र भारताने त्याच भिंती उठावाच्या साक्षीदार म्हणून जपल्या. व्रण तेच राहिले, वाचणारे पालटले.

दुसरी वास्तू बडा इमामबाडा. १७८४ च्या सुमारास, दुष्काळात रयतेला काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौलाने तो बांधावयास घेतला. सुमारे ५० मीटर लांबीचे त्याचे मुख्य दालन तुळईवाचून उभे आहे. बांधकाम दगडाचे नसून पातळ लाखौरी विटांचे व चुन्याचे आहे, आणि धोका नेमका येथेच आहे. भूलभुलैयाच्या अंधाऱ्या बोळांत प्रेक्षकांनी आपली नावे, बदाम व तारखा कोरल्या आहेत. खडूची रेघ पुसता येते; खिळ्याने खरवडलेला चुना भरून येत नाही आणि उघड्या विटेत ओल शिरते.

संरक्षित स्मारकाच्या विद्रूपीकरणास १९५८ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोन वर्षे व एक लाख रुपये इतकी वाढली. तथापि वळणावळणाच्या बोळात पहारेकऱ्याची नजर पोचत नाही. मग दारांना कुलूप घालणे एवढाच सोपा उपाय उरतो, आणि ज्यांच्यासाठी वास्तू राखावयाची त्यांनाच ती दुरावते.

इतिहासाच्या अभ्यासकापुढील पेच निराळा आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आपल्या नावासह कोरली. लेणी पुन्हा जगासमोर आल्याचा तो पुरावा म्हणून आज सांगितला जातो. परंतु तो चित्रित आकृतीवर ओरखडा काढून मिळालेला आहे. पुरावा मोलाचा ठरला म्हणून कृत्य क्षम्य ठरत नाही. तसेच कृत्य निंद्य म्हणून पुरावा नष्ट करणेही योग्य नव्हे. म्हणून गिलावा दुरुस्त करण्यापूर्वी जुन्या, तारीख असलेल्या अक्षरांची छायाचित्रे व नोंदी घ्याव्यात आणि मगच त्यांवर चुना चढवावा. वास्तूचे रक्षण आणि इतिहासाचे रक्षण यांची अशी सांगड घालता येते.