त्सुकामाकी
त्सुकामाकी ही जपानी तलवारीच्या मुठीवर फीत गुंडाळण्याची पारंपरिक हस्तकला आहे. जपानी भाषेत 'त्सुका' म्हणजे तलवारीची मूठ आणि 'माकी' म्हणजे गुंडाळणी होय. ही कला व्यवसाय म्हणून करणाऱ्या कारागिराला 'त्सुकामाकीशी' असे म्हणतात. मुठीवरील फीत घाम, मळ आणि घर्षण यांमुळे कालांतराने झिजते व सैल होते. त्यामुळे जुनी फीत काढून मूठ नव्याने बांधून देणे हा या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग आहे. संग्राहक, वस्तुसंग्रहालये तसेच इआइदो, बात्तोदो यांसारख्या तलवारविद्यांचे अभ्यासक या कारागिरांकडून मुठी बांधून घेतात.

मुठीची रचना

जपानी तलवारीची मूठ पात्याशी कायमची जोडलेली नसते. पात्याचा मुठीत जाणारा निमुळता भाग 'नाकागो' या नावाने ओळखला जातो. मुठीचा लाकडी गाभा त्याच्या मापाने आतून कोरलेला असतो. मूठ व नाकागो यांना आरपार छिद्र असते आणि त्यात 'मेकुगी' नावाची बांबूची खुंटी बसवतात. ही खुंटी काढली की मूठ, चकतीसारखा हातरोधक (त्सुबा) आणि इतर भाग सुटे करता येतात.

गाभ्यासाठी होनोकी या मॅग्नोलिया कुळातील झाडाचे लाकूड वापरतात. ते मऊ असून त्याचे तंतू सरळ असतात. लाकडाचे दोन भाग आतून कोरून भाताच्या खळीने (सोकुई) जोडले जातात. प्रत्येक गाभा एका विशिष्ट पात्यासाठीच घडवलेला असतो. त्यामुळे एका तलवारीची मूठ दुसरीवर बसवणे धोक्याचे मानले जाते. वरून ती नीट बसल्यासारखी वाटली तरी आतील पोकळीत नाकागोला सर्व बाजूंनी आधार मिळत नाही.

मुठीच्या हातरोधकाकडील टोकाला 'फुची' हे धातूचे कडे आणि दुसऱ्या टोकाला 'काशिरा' ही टोपी असते. 'मेनुकी' नावाच्या दोन लहान नक्षीदार धातूच्या वस्तू मुठीच्या दोन्ही बाजूंना फितीखाली अंशतः झाकलेल्या अवस्थेत बसवतात. त्या शोभेच्या असल्या तरी हाताला पकडीचा अंदाजही देतात. याग्यू शैलीच्या तलवारसाजात त्यांची जागा नेहमीच्या उलट असते.

साहित्य

समेगावा : लाकडी गाभ्यावर कातड्याचा थर बसवतात. जपानी भाषेत 'समे' म्हणजे शार्क. त्यामुळे हे शार्कचे कातडे असल्याचा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात ते पाकट (रे) माशाचे असते. त्याच्या पृष्ठभागावर कठीण, पांढरट दाणे असतात. या दाण्यांमुळे फीत घसरत नाही आणि कातडे वाळून आवळल्यावर लाकडी गाभ्यालाही बळकटी येते. चांगल्या प्रतीचे कातडे जपानमध्ये दीर्घकाळ आग्नेय आशियातून आयात होत असे. कातड्यावरील ठळक, मोठ्या दाण्यांना विशेष मान असून ते मुठीच्या दर्शनी बाजूला येतील अशी मांडणी करतात. उत्तम मुठीला पूर्ण वेढा घातला जातो. साध्या मुठीवर दोन्ही बाजूंना केवळ पट्ट्या बसवतात. पूर्ण वेढ्याची मूठ अधिक मजबूत असते.

इतो : मुठीवर गुंडाळण्याची विणलेली चपटी फीत. ती रेशमी, सुती किंवा कातडी असते. सरावाच्या तलवारींसाठी कृत्रिम धाग्यांची फीतही वापरतात. रेशीम दिसायला सुंदर व बारीक विणीचे असते. सुती फीत हाताला खरखरीत लागते व स्वस्त पडते, तर हरणाचे कातडे ओलाव्यातही चांगली पकड देते. काताना या लांब तलवारीच्या एका मुठीसाठी साधारणपणे ४ मीटर किंवा त्याहून अधिक लांबीची फीत लागते.

हिशिगामी : जपानी हातकागदापासून केलेल्या लहान त्रिकोणी पाचरी. फितीच्या प्रत्येक वळणाखाली त्या दोन्ही कडांना बसवतात. गुंडाळणी पूर्ण झाल्यावर त्या दिसत नाहीत. मात्र मुठीवरील सर्व चौकोन एकसारखे राहणे आणि फीत जागची न हलणे हे त्यांच्यावरच अवलंबून असते.

गुंडाळण्याची पद्धत

फितीचा मध्य फुचीलगत ठेवून तिची दोन्ही टोके मुठीभोवती आळीपाळीने फिरवली जातात. दोन्ही पदर मुठीच्या रुंद बाजूंवर एकमेकांना छेदतात. एका छेदात डावा पदर वर असेल, तर पुढच्या छेदात उजवा पदर वर घेतात. या अदलाबदलीमुळे पदर एकमेकांना आवळून धरतात. छेदांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराच्या खिडक्या तयार होतात व त्यांतून पाकटाच्या कातड्याचे पांढरे दाणे दिसतात. शेवटी दोन्ही टोके काशिराच्या छिद्रांतून ओवून गाठी मारतात. संपूर्ण कामात ताण सारखा ठेवणे हे सर्वांत कठीण असते. एखादे वळण सैल पडल्यास त्यापुढील सर्व वळणे सोडवून पुन्हा बांधावी लागतात.

गुंडाळणीचे अनेक प्रकार आहेत :

• हिनेरीमाकी – प्रत्येक छेदाच्या ठिकाणी फितीला पीळ देतात. त्यामुळे उंचवटा तयार होऊन पकड सुधारते. हा सर्वाधिक प्रचलित प्रकार आहे.
• हिरामाकी – फितीला पीळ न देता ती सपाट ठेवून छेद घेतात.
• त्सुमामीमाकी – छेदाच्या ठिकाणी फीत चिमटीत धरल्यासारखी दुमडून उभी करतात.
• कातातेमाकी – मुठीच्या मधल्या भागात छेद न घेता फीत सर्पिलाकार गुंडाळतात.
• जाबारामाकी – एका रुंद फितीऐवजी अनेक बारीक दोऱ्या शेजारी शेजारी ठेवून गुंडाळतात.

इतिहास

मुरोमाची काळात धार वर ठेवून कमरेच्या पट्ट्यात खोचण्याच्या 'उचिगाताना' तलवारी रूढ झाल्या. युद्धात वापरायच्या तलवारींच्या मुठींवर टिकाऊपणासाठी कातडी फीत बांधणे व पाकटाच्या कातड्यावर काळे लाखरोगण चढवणे प्रचलित होते. तेन्शो काळातील (इ.स. १५७३–१५९२) मध्यभागी बारीक असलेल्या मुठी प्रसिद्ध आहेत. होसोकावा तादाओकी (इ.स. १५६३–१६४६) या सरदाराच्या अभिरुचीशी हिगो शैलीचा तलवारसाज जोडला जातो, त्यातही कातडी गुंडाळणी हे ठळक वैशिष्ट्य आहे.

एदो काळात (इ.स. १६०३–१८६८) शांतता नांदल्याने तलवार हे युद्धसाधनापेक्षा सामुराईच्या दर्जाचे चिन्ह अधिक बनले. लोहार, पॉलिश करणारा, म्यान करणारा, धातुकाम करणारा आणि मूठ बांधणारा अशी श्रमविभागणी स्थिरावली. औपचारिक प्रसंगी धारण करण्याच्या तलवारजोडीसाठी काळे रोगण दिलेले म्यान, पांढरे पाकटाचे कातडे, काळी फीत आणि शिंगाची काशिरा असा संयत साज शिष्टसंमत मानला जाई.

इ.स. १८७६ मध्ये मेइजी शासनाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी घातली आणि या व्यवसायांची मागणी एकाएकी घटली. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानमध्ये असंख्य तलवारी जप्त झाल्या. कलात्मक मूल्य असलेल्या तलवारी वाचवण्याच्या प्रयत्नांतून इ.स. १९४८ मध्ये जपानी कलात्मक तलवार जतन संस्था स्थापन झाली. ही संस्था आधुनिक तलवार कारागिरांच्या स्पर्धा व प्रदर्शने भरवते व त्यांत मूठ बांधण्याच्या कलेलाही स्थान आहे.

पुनर्बांधणीची सेवा

आज त्सुकामाकीशीकडे येणाऱ्या कामात जुन्या तलवारींच्या मुठी, नव्याने घडवलेल्या तलवारींच्या मुठी आणि सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या, जस्त-ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या बोथट पात्यांच्या 'इआइतो' तलवारींच्या मुठी यांचा समावेश होतो. जपानबाहेर, विशेषतः अमेरिका व युरोपमध्येही ही सेवा देणारे कारागीर आहेत. गाभा सुस्थितीत असल्यास ग्राहक केवळ मूठ पाठवू शकतो. पाते पाठवण्याची गरज नसते. जपानमध्ये तलवारींवर इ.स. १९५८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार निर्बंध असून नोंदणी पात्याची होते, त्यामुळे सुटी मूठ पाठवणे तुलनेने सोपे असते. नवा गाभा घडवायचा असल्यास मात्र पाते कारागिराच्या हाती असणे आवश्यक ठरते.

कामाची सुरुवात तपासणीने होते. मूळ स्थितीची छायाचित्रे घेऊन फितीचा प्रकार, रुंदी, छेदांची संख्या व मेनुकीची जागा नोंदवली जाते. त्यानंतर फीत काढून कातडे स्वच्छ करतात आणि गाभ्याला तडे, कीड किंवा खुंटीच्या छिद्राची झीज आहे का, हे पाहतात. फितीची जाडीही महत्त्वाची असते. पूर्वीपेक्षा जाड फीत बांधल्यास ती फुची व काशिरा यांच्या पातळीच्या वर येते; पातळ फीत वापरल्यास धातूच्या कडा हाताला टोचतात.

सुरक्षितता

गुंडाळणी केवळ शोभेची नसते. लाकडी गाभ्याचे दोन्ही भाग एकत्र आवळून धरण्याचे कामही ती करते. फीत सैल झाली की जोरदार प्रहाराच्या वेळी पकड घसरते व गाभा उकलण्याची शक्यता वाढते. गाभा फुटला किंवा मेकुगी तुटली, तर पाते मुठीतून सुटून सराव करणाऱ्याला वा शेजारच्या व्यक्तीला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सरावापूर्वी खुंटी व मूठ तपासण्याचा दंडक तलवारविद्येच्या शिक्षणात पाळला जातो. सुंदर नवी फीत आतील तडा झाकू शकते. त्यामुळे तडा गेलेल्या गाभ्यावर फीत न बांधता आधी गाभा बदलणे हेच योग्य मानले जाते.

जतनविषयक प्रश्न

प्रत्येक जुनी मूठ पुन्हा बांधावी असे नाही. एदो काळातील मूळ गुंडाळणी हा स्वतःच ऐतिहासिक पुरावा असतो. फितीची वीण, रंग, कागदी पाचरींची मांडणी आणि गाठींची पद्धत यांवरून त्या काळातील कारागिरीची माहिती मिळते. एकदा सोडवलेली गुंडाळणी पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे प्रदर्शनासाठी किंवा संग्रहासाठी ठेवलेल्या तलवारीची फीत विरलेली असली तरी ती शक्यतो तशीच जतन करण्याकडे कल असतो. अशा तलवारीचे पाते 'शिरासाया' या होनोकी लाकडाच्या साध्या म्यान-मुठीत ठेवतात आणि मूळ साज वेगळा जपतात. प्रत्यक्ष सरावातील तलवारीबाबत मात्र वापरणाऱ्याची सुरक्षितता अग्रक्रमाची ठरते. जुनी फीत काढणे अटळ असल्यास तिचे अवशेष व नोंदी तलवारीसोबत सांभाळून ठेवल्या, तर पुढील अभ्यासकांसाठी माहिती टिकून राहते.