एकच वर्ग, निरनिराळी मुले : वर्धा जिल्ह्यातील एका शैक्षणिक विचाराचा मागोवा

विदर्भाच्या शैक्षणिक इतिहासात वर्धा जिल्ह्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. वर्धा येथील मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षाअखेर आपला अहवाल दिला आणि १९३८ साली हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला. व्यापारी समाजाने चालविलेल्या एका संस्थेच्या महोत्सवातून साऱ्या देशाला 'नई तालीम' मिळाली, ही घटना कोणत्याही महोत्सवी संस्थेने ध्यानी घ्यावी अशी आहे.

ही योजना अपंग अथवा मंदगती बालकांसाठी आखलेली नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तथापि तिच्यात एक बीज होते. टकळी, शेती, सफाई व स्वयंपाक यांतून शिक्षण द्यावयाचे ठरल्यावर अक्षरांत मागे पडणारा मुलगा सुतात पुढे जाऊ शकत होता. केवळ पाठांतराच्या एकाच गजाने सर्व मुलांना मोजण्याची रीत तेथे मोडली. दुसरे असे की, तालिमी संघाने शाळेइतकेच लक्ष शिक्षकांच्या तयारीकडे पुरविले. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामला शिक्षक घडविण्याचे काम वर्षानुवर्षे केले.

जैन परंपरेला हा विचार नवखा नाही. तुषमाष मुनींची कथा दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांत थोड्याफार फरकाने सांगितली जाते. या शिष्याला शास्त्रपाठ होत नसे. गुरूंनी त्याला संघाबाहेर काढले नाही. त्याच्या शक्तीला पेलेल असा दोन शब्दांचा पाठ दिला. तोही त्याच्या मुखी चुकीचाच बसला, तरी त्याच आधारे तो केवलज्ञानापर्यंत पोहोचला. व्याख्यानांतून शिष्याच्या श्रद्धेची थोरवी नेहमी गाइली जाते. पाठ लहान करणाऱ्या गुरूंकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आधुनिक काळात कुंभोज येथील जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला बसविली. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर प्रथम शिक्षक हवेत, हे ओळखून त्यांनी १९३५ साली सातारा येथे ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केले.

अपंग बालकांच्या शिक्षणाचा प्रवाह मात्र दीर्घकाळ वेगळा वाहिला. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा निघाली, पुढे अंधांच्या शाळा निघाल्या. त्यांनी मोलाचे कार्य केले. पण त्या शहरांत होत्या. खेड्यातील बालकापुढे दोनच मार्ग उरत : घर सोडून वसतिगृहात जावे, नाही तर घरीच बसावे. बहुतेकांच्या वाट्याला दुसराच मार्ग आला.

या मुलांनाही शक्यतो सामान्य शाळेतच शिकवावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली आणि १९७४ साली केंद्र शासनाने एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९८७ साली युनिसेफच्या साहाय्याने जो प्रकल्प राबविण्यात आला, त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. त्याची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. निवडलेल्या गटातील सर्व शिक्षकांना सुमारे १ आठवड्याचे प्रशिक्षण, त्यांतील काहींना ६ आठवड्यांचे आणि मोजक्या ८-१० शिक्षकांना १ वर्षाचे. म्हणजे अडचण आलेल्या शिक्षकाला जवळच्याच शाळेत विचारावयास कोणी तरी सापडे. पुढील अनेक योजनांपेक्षा ही मांडणी अधिक शहाणपणाची होती.

त्यानंतर कायदे झपाट्याने आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. 'आळशी' व 'ढ' म्हणून मार खाणाऱ्या कित्येक मुलांना त्यामुळे प्रथमच न्याय मिळाला; २००७ सालच्या 'तारे जमीन पर' चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. सर्व शिक्षा अभियानाने तालुक्याच्या गट साधन केंद्रांतून विशेष शिक्षक शाळांकडे पाठविले. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला. शाळेचे दार उघडले, बालक आत आले. आणि वर्गात गुरुजी एकटेच राहिले.

बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणी व आसपासच्या लहान गावांच्या दृष्टीने येथेच खरी अडचण आहे. प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे १ शिक्षक हे प्रमाण कायद्याने ठरविले आहे. त्या ३० मुलांत एखाद्याला कमी ऐकू येते, एखाद्याला फळा दिसत नाही, एखादा क्षणभर स्वस्थ बसत नाही. प्रमाणपत्रासाठी वर्ध्याला जावयाचे तर मजुरी करणाऱ्या पालकांचा रोज बुडतो. फिरत्या विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा. तो येतो त्या दिवशी मार्ग दाखवितो, इतर दिवशी वर्गशिक्षकालाच निभवावे लागते. २०२२ साली केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे १ व पुढील स्तरावर १५ मागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण निश्चित केले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही पदे निर्माण करण्यासाठी राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला, यावरून स्थिती कळते.

वास्तविक वर्गशिक्षकाला लागणारे पुष्कळसे ज्ञान साधेच आहे. कमी ऐकणाऱ्या मुलाला पुढे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ते मूल ओठ वाचीत असते. अंधुक दिसणाऱ्याला मोठे अक्षर व खिडकीचा प्रकाश पाठीमागून मिळावा. वाचनात अडखळणाऱ्याला चारचौघांत मोठ्याने वाचावयास लावू नये. उत्तर तोंडी घ्यावे. स्वमग्न बालकाला दिवसाचा क्रम आधी सांगावा, तो अचानक बदलू नये. ही माहिती पुस्तकात असते, परंतु एकदा कोणी वर्गात करून दाखविल्याखेरीज ती हाती उतरत नाही. टकळीसुद्धा पुस्तक वाचून कोणाला चालविता आली नाही.

समाजाच्या दानाचा ओघही या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. वह्या, गणवेश, श्रवणयंत्रे व कॅलिपर यांसाठी जैन समाजाने नेहमीच सढळ हाताने दिले आहे. १९७५ साली जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे कृत्रिम पायांचे कार्य तर जगन्मान्य आहे. परंतु शिबिरात मिळालेले श्रवणयंत्र विद्युतघट संपताच पेटीत जाऊन पडते, ते शिक्षकाला त्याची निगा शिकविलेली नसते म्हणून. सेलूच्या गट साधन केंद्राच्या सहकार्याने परिसरातील गुरुजनांसाठी उन्हाळी सुटीत आठवड्याचे शिबिर भरविणे कोणत्याही न्यासाच्या आवाक्यातले आहे. तज्ज्ञ शिक्षक शासनाकडे आहेत. निवास, भोजन व वाहनखर्च एवढीच बाजू समाजाकडे राहते, आणि वर्षभरात एखाद-दोन दिवस त्याच तज्ज्ञांना पुन्हा वर्गात आणण्याची.