कारणे द्या : गाडीसोबत माहितीपुस्तक नव्हते

इतिहासाच्या पेपरात आपल्याला 'कारणे द्या' हा हमखास प्रश्न असायचा. बाई बजावून सांगायच्या, "एका कारणावर थांबू नका, गुण कापीन." स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा मला तोच प्रश्न आठवला. म्हणून हा जवळजवळ तीस वर्षं उशिराने सोडवलेला पेपर.

प्रश्न : १९५७ साली इंग्लंडमध्ये माणसं नवी कोरी स्पोर्ट्स कार सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडत असत. कारणे द्या.

गाडीचं नाव लोटस सेव्हन. ती काढणारा कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. त्याने पहिली गाडी १९४८ मध्ये मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात, एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर काम करून बनवली. १९५२ साली कंपनी काढताना याच मैत्रिणीने, हेझलने, २५ पौंड दिले. पुढे त्यांचं लग्न झालं. चॅपमनच्या डोक्यात पूल आणि इमारतींचा हिशेब होता. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, दार नाही, टप नाही. वजन पाचशे किलोपेक्षाही कमी, म्हणजे आपल्या ॲम्बॅसिडरच्या निम्म्याहून हलकी. त्यामुळे फोर्डचं साधं ११७२ सीसीचं इंजिनसुद्धा तिला पुरायचं.

पहिलं कारण कराचं. १९४० साली युद्धकाळात ब्रिटनने खरेदीकर लावला आणि युद्ध संपलं तरी तो राहिला. १९५७ मध्ये तयार मोटारीच्या घाऊक किमतीवर तो ६० टक्के होता. सुटे भाग घेऊन मालकाने स्वतः गाडी जोडली, तर मात्र हा कर लागत नसे.

दुसरं कारण जागेचं. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांच्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. सिल्व्हरस्टोनला १९४८ पासून शर्यती सुरू झाल्या, त्या अशाच एका विमानतळावर. रविवारी शर्यतीत उतरायचं आणि सोमवारी कामावर जायचं, अशा बेताच्या कमाईच्या हौशी लोकांना स्वस्त आणि हलकी गाडी हवी होती. इंजिन, आस, गिअर साध्या गाड्यांमधले असल्याने मोडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. करातून सुटायचं तर गाडीसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम होता म्हणे. तेव्हा चॅपमनने गाडी कशी सुटी करावी याच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या. मोटारवाल्यांच्या गप्पांत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की तिला दंतकथेची चमक आलीय. पण तिच्यातलं तत्त्व पक्कं आहे. ज्याला एखादी वस्तू नीट उघडता येते, त्याला ती जोडताही येते.

१ एप्रिल १९७३ ला ब्रिटनमध्ये खरेदीकर जाऊन व्हॅट आला, तो सुट्या भागांवरही. आता ही हौस संपणार, असं कुणालाही वाटलं असतं. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्स या विक्रेत्याला दिले. गाडी आजही निघते, आणि जोडायच्या पेट्यांतही मिळते. कराची सवलत गेली, तरी लोक जोडतच राहिले. म्हणजे खरं कारण चौथंच होतं : आपल्या हाताने केल्याचं समाधान. सेव्हनच्या धर्तीवरच्या गाड्या तर जगभर निघाल्या. आपल्या अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनेही तशी एक रोडस्टर बनवली, ॲम्बॅसिडरमध्ये बसायचं ते १८०० सीसीचं इसुझू इंजिन घालून.

१९९६ साली आपण दहावी झालो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या एका शाळाशिक्षकाचं पुस्तक आलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हा त्याचा विषय. नळ्या कापून सांगाडा स्वतः जोडायचा, बाकीचे भाग भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचे. गाडी अर्थातच सेव्हनच्या वळणाची. ते पुस्तक वाचून कित्येकांनी घरी गाड्या बांधल्या.

आपल्याही शाळेत मागच्या बाजूला वर्कशॉप होतं. आठवीत मुलं तिथे कानस, करवत घेऊन जायची आणि आम्ही मुली शिवणाच्या वर्गात काजं करायचो. खिडकीतून लोखंडाचा आवाज यायचा. मी एकदा सरांना विचारलं, "मी येऊ का?" सर रागावले नाहीत, हसले. त्या हसण्यावर विषय संपला. त्यांचा दोष नाही, वेळापत्रकच तसं होतं. पुढे मी हट्टाने मेकॅनिकल इंजिनिअर झाले. गिअरबॉक्सचे छेद सुबक काढले, गुण मिळवले, आणि पदवी हातात पडताच कॉम्प्युटरसमोर बसले.

२०१४ मध्ये कामानिमित्त इंग्लंडात होते. तिथला एक सहकारी गॅरेजमध्ये सेव्हनसारखी गाडी जोडत होता. मी इंजिनिअर, म्हणून शनिवारी मदतीला बोलावलं. वायरिंग माझ्याकडे आलं. हेडलाइट काही लागेना. मी नकाशा तीनदा तपासला, एकेक तार मीटरने मोजली, प्रोग्रॅममधली चूक शोधावी तशी दिवसभर शोधली. संध्याकाळी त्याचे म्हातारे वडील चहा घेऊन आले. त्यांनी अर्थिंगचा बोल्ट सैल केला, खालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला आणि बोल्ट परत आवळला. दिवे लागले. सांगाड्यावरच्या रंगातून वीज जात नाही, एवढंच. नकाशा बरोबर होता. माझ्या हातांना मात्र ठाऊक नव्हतं.

मी हसले, पण त्या रात्री मला खिडकीतून येणारा तो लोखंडाचा आवाज आठवत राहिला.

गेल्या दिवाळीत शाळेत गेले होते. वर्कशॉपला कुलूप आहे. आत मोडकी बाकं रचलीत. व्हाइस मात्र जागेवर आहेत, गंजलेल्या, पण तेल दिलं तर फिरतील. मेळाव्याच्या निमित्ताने आपण शाळेला काहीतरी भेट देणार आहोत. प्रोजेक्टर आणि वॉटर कूलरची नावं ग्रुपवर आली आहेत. माझीही एक सूचना नोंदवा : ते कुलूप उघडूया. एक भंगारातली स्कूटर, दोन पाना-सेट आणि शनिवारचे दोन तास. आपल्यातले गॅरेजवाले, फिटर, एसटीच्या डेपोतले मित्र हे माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मी पहिल्या बाकावर बसेन.

अट एकच. आठवीच्या सगळ्या मुलामुलींनी यायचं. आणि माहितीपुस्तक द्यायचं नाही. आधी स्कूटर सुटी करू दे.